बटण न दाबता

वहिनींनी तो प्रश्न विचारला तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. शिलाई मशीनवर कुणाच्या तरी गणवेशाच्या बाह्या पडल्या होत्या आणि कपातला चहा अजून निवला नव्हता. दुपारची हजेरी नेहमीसारखीच चालली होती.

"सेक्रेटरी, माझ्या रेडिओवर व्हॉक्स लावायचाय. हातात सुई-दोरा असतो, बटण धरून बसणं जमत नाही. तुमच्याइतकं त्यातलं कळणारं दुसरं कोण आहे? सांगता का जरा?"

हजेरी म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची रोजची गाठभेट. जेवणं उरकली की दहा-बारा घरांतले रेडिओ एकाच फ्रिक्वेन्सीवर लावले जात. ज्याला बोलायचं त्याने माइकवरचं बटण दाबून धरायचं. दाबलेलं असेपर्यंत आपण बोलतो नि बाकीचे ऐकतात. सोडलं की आपण ऐकतो. आपण बोलत असताना दुसऱ्याचं अक्षरही आपल्या कानी पडत नाही. व्हॉक्स म्हणजे या बटणाला सुट्टी. माइकपुढे आवाज झाला की रेडिओ आपणहून बोलता होतो, त्याचा लाल दिवा लागतो. आवाज थांबला की दिवा विझतो. हात मोकळे.

सोय चांगली होती. पण वहिनींच्या घरात तिचं नावही कुणी काढत नसे, कारण त्यांचा नवरा व्हॉक्सनेच मेला होता.

सेक्रेटरीने घसा खाकरला. "हो... सांगतो की. रेडिओवर तीन फिरवायच्या मुठी आहेत, वहिनी. पहिली, किती बारीक आवाजाला दिवा लागावा ती. फार उघडलीत तर पंख्यालासुद्धा लागेल. दुसरी, बोलणं थांबल्यावर दिवा किती वेळ रेंगाळावा ती. आणि तिसरी, स्पीकरमधून आलेल्या आमच्या आवाजाने तुमचा दिवा लागू नये म्हणून. मग माइकचा जोर. बोलताना मीटरच्या सुईकडे बघा, जाड पट्टीच्या बाहेर जाऊ देऊ नका."

"पहिली मूठ फार उघडू नका हं वहिनी," बेकरीवाला मध्येच म्हणाला. "सेक्रेटरीचा व्हॉक्स इतका हळवा की त्याची खुर्ची करकरली तरी हजेरी लागते. परवा त्याच्या घरचं दार माझ्याशी पाच मिनिटं बोललं!"

दोघं-तिघं हसले. वहिनीही हसल्या. मग त्यांनी बटण दाबलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "आणि समजा, कुणी वर अँटेनाला हात लावून उभं असेल, आणि खाली खोलीत कुणी नुसतं हॅलो म्हणालं तर?"

स्पीकरमध्ये सेक्रेटरीची खुर्ची करकरली.

"तर... वर जोराचा चटका बसेल," सेक्रेटरी म्हणाला. "माणसाचा हात सुटेल. तीच ती, लंब्याची चूक."

"हो ना," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी बाहीला काज करायला घेतलं.

लंब्या म्हणजे वहिनींचा नवरा. टेलिफोनच्या तारा जोडण्यात त्याचं अख्खं आयुष्य खांबावर गेलं. घराच्या दारातून वाकल्याशिवाय कधी आत आला नाही. हजेरीतले सगळे त्याला लंब्या म्हणत, म्हणून ही सगळ्यांची वहिनी. आता तिने स्वतः परीक्षा देऊन स्वतःचा परवाना आणि कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, मिळवलं होतं, तरी वहिनी ती वहिनीच राहिली.

तो गेला त्या दिवशी सकाळी लंब्या घरामागच्या मनोऱ्यावर चढला होता. रेडिओत कुठूनशी घरघर येत होती. तारेचं टोक हाताने फिरवून बघायचं, आणि घरघर कुठल्या बाजूला कमी होते ते खालून कुणीतरी ऐकून सांगायचं, असं ठरलं. म्हणून अँटेनाची केबल रेडिओतून काढता येईना. एरवी वर चढताना तो केबल काढून तिचं टोक खिशात घेऊन जायचा. त्या दिवशी मात्र रेडिओ चालू होता, फक्त ऐकण्यापुरता. ऐकायला सेक्रेटरी बसला होता.

सेक्रेटरी, म्हणजे हौशी रेडिओ मंडळाचा सेक्रेटरी, लंब्याचा जिवाभावाचा दोस्त. औषधांच्या दुकानाचा मालक, बोलायला गोड, नव्या वस्तूंचा शौकीन. त्याने नवा कोरा हेडसेट आणला होता. कानावर घालायचा, त्याचाच छोटा माइक ओठांशी येतो. त्याला बटण नसतं. त्याने तो लंब्याच्या रेडिओला जोडला आणि व्हॉक्स चालू केला. वहिनी दारात उभ्या होत्या. नव्या चपला घालून माणूस घरातल्या घरात दोन फेऱ्या मारतो ना, त्या हौसेने सेक्रेटरी म्हणाला, "हॅलो, हॅलो."

लाल दिवा लागला.

ओरडणं असं ऐकू आलंच नाही. मागे पत्र्यावर काहीतरी आदळलं, एवढंच.

आणि वहिनींनी पाहिलं, सेक्रेटरीने आधी हेडसेट काढला. त्याची वायर नीट गुंडाळली. खिशात घातला. लंब्याचा जुना माइक परत जोडला. मग तो धावला.

त्या वेळी वहिनींना यातलं ओ की ठो कळत नव्हतं. चौकशीत त्यांनी हेडसेटचं सांगितलं, तर लोक मायेने म्हणाले, दुःखात माणसाला काय काय दिसतं. व्हॉक्सचं बटण चालू सापडलं, माइक लंब्याचाच होता. निष्कर्ष निघाला की व्हॉक्स बंद न करता वर चढण्याचा हलगर्जीपणा मयतानेच केला. खालून बोललं कोण, असं कुणी विचारलं नाही. सेक्रेटरीच म्हणाला की मी त्याला वरूनच हाक मारताना ऐकलं, त्या हाकेनेच दिवा लागला असेल. करून सवरून नामानिराळा. आणि तेव्हापासून मंडळाच्या वर्गात नव्या शिकाऊंना एक धडा शिकवला जाई, त्याचं नाव 'लंब्याची चूक'. शिकवायला सेक्रेटरी.

परवान्यासाठी वहिनी त्या वर्गात मागच्या बाकावर बसल्या होत्या. तो धडा त्यांनी मान खाली घालून ऐकला. जन्मभर खांबावर राहिलेला माणूस, आणि पोरंसोरं त्याच्या मूर्खपणावर मान डोलवत होती. त्याच वर्गात त्यांना पहिल्यांदा कळलं की हेडसेट का महत्त्वाचा होता, वायर का गुंडाळली गेली. रडू आलं नाही. घरी येऊन त्यांनी मशीनला तेल घातलं आणि ठरवलं की हे याच्याच तोंडून वदवून घ्यायचं, सगळ्यांच्या कानांदेखत. रोज एक टोचा. शिवणकाम करणारीला धीर कमी नसतो.

व्हॉक्स लावला तो यासाठी.

आणि लावला तोही तोच रेडिओ, लंब्याचा. वहिनींनी पहिली मूठ अगदी मिटत आणली. मशीन चालवून पाहिलं, दिवा नाही. टाळी वाजवली, नाही. शेजारणीशी दारातून गप्पा मारल्या, नाही. माइकच्या अगदी जवळ तोंड नेऊन बोललं तरच दिवा लागेल, अशी मूठ बसवली आणि तिच्यावर कापडाला लावायच्या खडूने खूण केली. काम चोख होतं. दोन दिवस सगळं सुरळीत चाललं.

तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी हजेरीत कुठल्याशा औषधाच्या तुटवड्याबद्दल बोलत होता. तो थांबला. वहिनी दातांत दोरा धरून गणवेशाला बटण लावत होत्या. तेवढ्यात त्यांच्या रेडिओवर लाल दिवा लागला.

त्यांनी वर पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. पंखा बंद, मशीन बंद. माइक टेबलावर, त्यांच्यापासून हातभर लांब. दिवा थोडा वेळ राहिला, विझला.

"वहिनी, खिडकी लावा हो," बेकरीवाला म्हणाला. "वारं घुसतंय तुमच्या माइकात."

"वारं नाहीये," वहिनी म्हणाल्या.

"मग सेक्रेटरीचं दार आलं असेल तुमच्याकडे पाहुणं!"

सेक्रेटरी म्हणजे एरवी थट्टेला थट्टा परत करणारा माणूस. त्या दिवशी हजेरी संपेपर्यंत त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली.

मग ते रोजचं झालं. सेक्रेटरी बोलून थांबला की इकडे दिवा. फक्त त्याच्याच बोलण्यानंतर. वहिनींनी मूठ आणखी मिटली. माइक तपासला, केबल बदलली. माइक सोडवून ठेवला तर दिवा लागत नसे. जोडला की लागे. एकदा त्यांनी तो अभ्र्यात गुंडाळून खणात घालून पाहिला, तरी लागला. म्हणजे बिघाड नव्हता. माइकमध्ये खरोखरच आवाज जात होता, आणि तोही अगदी ओठ टेकवून बोलल्यासारखा.

नणंद उशांचे अभ्रे शिवायला टाकायला आली तेव्हा वहिनींनी तिला शेजारी बसवलं. "वन्सं, थोडा वेळ बोलू नका. त्या दिव्याकडे बघा."

"अगं, मला गप्प बसायला सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण!" नणंद म्हणाली, पण बसली. दिवा लागला. तिने खोलीभर नजर फिरवली, पडद्यामागे पाहिलं, मग पदर तोंडाशी नेला. दिवा विझल्यावर हळूच म्हणाली, "कोण बोललं गं?"

"तुम्ही ऐकलंत?"

"नाही बाई. ऐकलं नाही." ती उठलीच. "पण कुणीतरी बोलून थांबल्यासारखं वाटलं. मी येते. अभ्र्यांची घाई नाही."

त्या दिवसापासून वहिनी दिव्याकडे नाही, मीटरच्या सुईकडे बघू लागल्या. बोलण्याच्या चढउताराबरोबर सुई हलते. ही सुई सरसर जाई, पडे. पुन्हा जाई, पडे. मग जरा थांबे. मग तीन लहान उड्या आणि एक लांब. वाऱ्याची सुई अशी हलत नाही. हे शब्द होते. आणि दोन शब्द बोलून दम घ्यायचा, मग सावकाश पुढचं बोलायचं, ही लकब त्यांनी इतकी वर्षं ताटावर, उशीवर, फाटकाशी ऐकली होती. त्यांना शब्द कळेनात. पण बोलणारा कळला.

वहिनींना भीती वाटली नाही. वाटायला हवी होती, असं त्यांचं त्यांनाही वाटलं. त्यांना फक्त हेवा वाटला. इतक्या वर्षांनी माणूस घरात बोलतो, आणि ते ऐकायला मिळतं कुणाला, तर त्या सेक्रेटरीला!

बाकीच्यांना नुसती सूं-सूं ऐकू येई. सेक्रेटरीला काय येत होतं ते त्याच्या बोलण्यावरून हळूहळू कळू लागलं. तो वाक्य अर्धवट सोडायचा. "नाही रे," असं कुणालाही उद्देशून नसलेलं काहीतरी म्हणायचा. एकदा तो आठवडाभर हजेरीला आलाच नाही. वहिनींना वाटलं, सुटला. पण आठव्या दिवशी स्वतःहून आला. आवाज खोल गेलेला. "राहवत नाही," एवढंच म्हणाला, आणि इकडे दिवा लागला.

मग एका सकाळी तो वहिनींच्या दारात उभा राहिला. गालफडं बसलेली, सदऱ्याची बटणं खालीवर लावलेली.

"वहिनी, तो व्हॉक्स बंद करा."

"का? तुम्हीच तर शिकवलात."

"थट्टा पुरे. त्याची जुनी कॅसेट लावता तुम्ही. मला माहितीये."

"मग शोधा की." वहिनी दारातून बाजूला झाल्या. "घर काय तुम्हाला नवीन आहे?"

त्याने शोधलं. खण उघडले, मशीनचं झाकण उचललं, रेडिओच्या मागे हात घालून पाहिलं. सूतगुंड्या आणि कापडाचे तुकडे. तो टेबलापाशी वाकलेला असतानाच लाल दिवा लागला.

तो जागच्या जागी थिजला. सुई जात होती, पडत होती. खोलीत फक्त भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. दिवा विझला तेव्हा तो अगदी दबक्या आवाजात म्हणाला, "काय म्हणाला?"

"मला कुठे ऐकू येतं? ते ऐकायला पलीकडे असावं लागतं. तुम्ही सांगा ना, काय म्हणतात हे?"

सेक्रेटरी स्टुलावर बसला. "शिव्या देत असता तर बरं झालं असतं. सगळी वर्षं दिल्या असत्या तरी ऐकल्या असत्या." त्याने तळहातांनी डोळे चोळले. "वर ये, म्हणतो. 'वर ये रे. दोरी मी धरतो.' बस. एवढंच. प्रेमाने. मनोऱ्यावरून नेहमी हाक मारायचा तसं."

 वहिनींना जे विचारायचं होतं ते त्यांनी विचारलं नाही. लंब्याने कधी आपलं नाव काढलं का, हे.

"खरं काय ते हजेरीत सांगा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर. तुमचा हेडसेट, तुमचं हॅलो, गुंडाळलेली वायर. एकही टाका न सोडता."

"माझं गावात नाव आहे, वहिनी. दुकान आहे."

"नाव त्यांचंही होतं. त्याचा तुम्ही धडा केलात."

तो स्टुलावरून उठला. "सांगितलं तर बंद कराल?"

"करेन."

"शब्द?"

"शब्द."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने सांगितलं. लपवाछपवी केली नाही. मध्ये दोनदा त्याचा आवाज फाटला, पण वायर गुंडाळल्याचंसुद्धा सांगितलं. वहिनींच्या हातात शिवण नव्हतं. त्या टेबलाशी बसून, दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या. संपल्यावर हजेरी घेणारे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "वहिनी, आम्ही सगळे तुमचे अपराधी आहोत. तो धडा आजपासून बंद. लंब्याची चूक नव्हती, याची मंडळात नोंद होईल."

झालं. ज्यासाठी परीक्षा दिली, बाक झिजवला, रोजचे टोचे मारले, ते पदरात पडलं. वहिनींना वाटलं होतं, या क्षणी छातीवरचं ओझं उतरेल. त्यांनी वाट पाहिली. ओझं होतं तिथेच होतं. नाव परत मिळालं, माणूस नाही मिळाला. आणि जो वायर गुंडाळत बसला होता तो उद्या दुकान उघडेल, चार दिवस लोक तोंड फिरवतील, मग मोठ्या मनाचा म्हणून हळहळतील.

"वहिनी," स्पीकरमधून सेक्रेटरी म्हणाला, "आता बंद करा. तुम्ही शब्द दिलाय."

व्हॉक्सचं बटण हाताच्या अंतरावर होतं. वहिनींनी हात उचलला.

आणि परत मांडीवर ठेवला.

लाल दिवा लागला. सुई गेली, पडली. गेली, पडली. तीन लहान, एक लांब.

दिवा विझला तेव्हा सेक्रेटरीचा श्वास ऐकू आला. मग हेडसेट टेबलावर ठेवल्याचा आवाज. त्याचा तो हळवा व्हॉक्स, सगळं पोचवत होता. खुर्ची करकरली. दार उघडलं. दिवसा त्या घरात तो एकटाच असे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"अरे, कुठे निघालास?" बेकरीवाला म्हणाला. "सेक्रेटरी? बोल की."

खिडकीलगतच त्याचा मनोरा होता. लोखंडी शिडीचा.

ठण्ण.

पहिली पायरी. त्याचा व्हॉक्स लागला, विझला.

वहिनींचा लाल दिवा लागला. सुई हलली. विझला.

ठण्ण.

पुन्हा इकडे दिवा.

ठण्ण.

दिवा लागलेला असताना वहिनींना काही ऐकू येत नव्हतं. बाकीचे ओरडत असतील, तर ते वहिनींच्याच रेडिओच्या सूं-सूंखाली दाबले जात होते. पण दिवा विझल्यावर मध्ये जागा होती. मान जराशी पुढे करून एक शब्द बोलला असता, तर त्याच्या उघड्या खिडकीतून स्पीकर खणखणला असता. थांबा. एवढाच. बटणसुद्धा दाबायला लागलं नसतं.

वहिनींनी ओठ मिटले. श्वाससुद्धा बेताने घेतला.

ठण्ण. आता बारीक.

दिवा.

ठण्ण. त्याहून बारीक.

मग पायऱ्या इतक्या वर गेल्या की त्याचा व्हॉक्सही त्यांना पोचेना. स्पीकरमध्ये नुसती खरखर उरली. उन्हाची तिरीप टेबलावरून सरकून माइकच्या जाळीवर आली होती.

लाल दिवा लागला. या वेळी सुई तशी हलली नाही. तो सावकाश दम घेणं नव्हतं. ती भराभर थरथरली, वर गेली, थरथरत तिथेच राहिली. मग विझला.

स्पीकरमध्ये दूर कुठेतरी काहीतरी आदळलं, एवढंच. मग स्पीकरवर बेकरीवाला आला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"वहिनी," तो म्हणाला, "या वेळी स्पष्ट आलं. अगदी स्पष्ट." तो थांबला. "तुम्ही हसताय कशाला?"

वहिनींनी बोटं ओठांवर नेली. ओठ घट्ट मिटलेले होते.